तिसऱ्या अंकातली बाई

१

रविवारी दुपारी माणसाने जेवून आडवं व्हावं, याबद्दल शैलाच्या मनात कधीच दुमत नव्हतं. तरीही महिन्यातल्या एका रविवारी ती शोळिंगनल्लूरहून बस पकडायची, मेट्रोच्या खोदकामातून धक्के खात मैलापूरला पोचायची आणि राघोत्तमरावांच्या घराचा जिना चढायची. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या, घरी येऊन एकटीपुरता भात लावायचा, पुण्यात शिकणाऱ्या रेवाला फोन करायचा आणि ‘आई, नंतर बोलू’ ऐकून ठेवायचा. एवढं झाल्यावर अंगात जे काही उरायचं, ते ती या जिन्यावर खर्च करायची.

वर संगीत नाटकांचा अड्डा भरायचा. अड्डा म्हणजे माणसं चारच. घरमालक राघोत्तमराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, मराठी जुनं आणि तमिळ हेलाचं. त्यांची बायको कनकाअक्का, कॉफी उत्तम करणाऱ्या आणि बोलणं जपून वापरणाऱ्या. नाशिकचा पुष्कर, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. आणि शैला.

चेन्नईत गाण्याच्या कच्चेऱ्यांना, म्हणजे मैफलींना, तोटा नाही, पण मराठी संगीत नाटक इथवर कोण आणणार? म्हणून अण्णांनी नियम घालून दिला होता. मोबाइलवर काही लावायचं नाही. आपण स्वतः बसून बघितलेलं नाटक सांगायचं, पदं कशी झाली ते सांगायचं, आणि मत द्यायचं. मतं तर अशी, की शेजारच्यांना वाटावं इथे वाटणीचं भांडण चाललंय. पुष्करचं म्हणणं, नायकाने ताना आवरत्या घ्याव्यात, नाटक पुढे सरकलं पाहिजे. अण्णा म्हणत, नाटकाला कुठे गाडी पकडायची आहे? एका नायिकेचा आवाज सर्दीने बसला होता की मुळातच तसा होता, यावर एक अख्खी दुपार खर्ची पडली होती.

आणि सांगणं रंगलं, की बाकीच्यांनी ओरडायचं, ‘वन्समोअर!’ मग नटाला जशी सुटका नसते तशी सांगणाऱ्यालाही नाही. पदाच्या सुरुवातीपासून परत सांगायचं. अण्णांच्या दृष्टीने अड्ड्याचा सगळा जीव त्यातच होता.

शैला फक्त ऐकायची. तिने पाहिलेलं संगीत नाटक एकच. इचलकरंजीत, ती सात वर्षांची असताना, अप्पांबरोबर. आई माहेरी गेलेली, म्हणून बापलेक दोघंच. पुढच्याच वर्षी अप्पा गेले. फोटोत ते आहेत, पण फोटोला आवाज नसतो. अप्पांचा आवाज शैलाकडे होता तो त्या एका संध्याकाळपुरता. मागावर काम करून त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे आपण किती मोठ्याने गुणगुणतो याचा त्यांना पत्ता नसायचा. स्टेजवर गाणं सुरू झालं की इकडे हेही सुरू. पुढचे लोक मागे वळून शुक् शुक् करायचे, अप्पा ओशाळून थांबायचे आणि दोन ओळी गेल्या की परत लागायचे. गर्दीत पोर हरवू नये म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं होतं, ते खुर्चीत बसल्यावरही सोडायचं विसरले होते.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही; नवरा, अरुण, शहराच्या दुसऱ्या टोकाला आवडी नावाच्या भागात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा आणि दोघं आता रेवापुरतं बोलत. संध्याकाळच्या बसमध्ये, डोळे मिटून, ती अप्पांना तेवढं एकदा गुणगुणू द्यायची. बापाची म्हणून तिच्याजवळ तेवढीच वस्तू होती.

२

त्या रविवारी पाळी पुष्करची होती. नाशिकच्या नाट्यगृहात ऐन तिसऱ्या अंकात दिवे गेले, तो किस्सा. नायिकेने गाणं सोडलं नाही, ऑर्गनवाल्याने सूर सोडला नाही, आणि काळोखात पद असं काही चढलं की दिवे आल्यावर लोकांना उलट वाईट वाटलं. पोरगा सांगायचाही झकास. संपलं तसे अण्णा झोपाळ्यावर हात आपटून ओरडले, ‘वन्समोअर!’

पुष्करने कॉलर ताठ केली आणि परत सुरुवात केली.

‘दिवे गेले. म्हणजे ऑर्गनवरचा बारका दिवा तेवढा राहिला. त्याच्या उजेडात ऑर्गनवाल्याचे हात दिसायचे, आणि मागे बसलेली ती हिरव्या लुगड्यातली बाई. हात मांडीवर ठेवून. आणि नायिकेने...’

‘कुठली बाई?’ शैलाने विचारलं.

‘ती बसलेली असते ती, ताई. सांगितलं ना मघाशी?’

‘मघाशी सांगितलं नाहीस.’

‘राहिलं असेल मग.’

शैलाने विषय सोडला. दुसऱ्यांदा सांगताना माणसाला जास्त आठवतं, त्यात नवल कसलं? पण अण्णा मान डोलवत म्हणाले, ‘तिसऱ्या अंकांत असतेच की ती. कांही बोलत नाहीं. नुसती बसते.’

‘अण्णा, तुम्ही पाहिलेलं नाटक वेगळं. कंपनी वेगळी. तुम्ही तंजावरात, तेही लहानपणी.’

‘होय की. हिरवें लुगडें,’ अण्णा म्हणाले, आणि पुन्हा ओरडले, ‘वन्समोअर!’

स्वयंपाकघरात कॉफी वरखाली करण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

तिसऱ्यांदा सांगताना पुष्करची नजर वरच्या पंख्यावर होती. दिवे गेले, पद चढलं, सगळं तसंच. फक्त ती बाई आता ऑर्गनच्या मागे नव्हती. प्रेक्षकांत उतरायच्या पायऱ्या असतात तिथे उभी होती. पुष्करने हे जाता जाता सांगितलं, त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. शैलाच्या हातावर मात्र काटा आला, आणि त्याचं खापर तिने पंख्यावर फोडलं.

३

पुढच्या खेपेला अण्णांनी स्वतःचं नाटक काढलं. शैला यायला लागण्याआधी हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. फिरती कंपनी तंजावरात आली होती, वाड्याजवळच्या पटांगणात मांडव घातला होता, नायकाचं पोट नायिकेच्या आधी स्टेजवर यायचं, पण गळा असा की पोट माफ.

‘पोदुम्,’ कनकाअक्का आतून म्हणाल्या. म्हणजे पुरे.

‘पोदुम् काय? पोर पहिल्यांदां ऐकते,’ अण्णा म्हणाले आणि पुढे चालू झाले. ‘मी चटईवर बसलों. झोंप आली तर ती बाई मला मांडीवर घेऊन बसली. हिरव्या लुगड्याची. गाणें ऐकत ऐकत माझ्या पाठीवर थोपटायची. मी सगळा अंक तसाच पाहिलों.’

पुष्करने टाळी वाजवली. शैलाला बसवेना. पेले आत ठेवायचं निमित्त करून ती उठली.

स्वयंपाकघर अरुंद, भिंतीला तेलाचा जुना वास. कनकाअक्का ओट्याशी उभ्या होत्या, पाठ करून.

‘अक्का, ही बाई कोण?’

‘मला काय ठाऊक, मा? मी तें नाटक पाहिलें नाहीं.’ त्या वळल्या. चेहरा रात्र रात्र जागल्यासारखा. ‘पण एवढें ठाऊक आहे. ह्यांना नाटकाला दत्ताजींनी नेलें. ह्यांचे थोरले भाऊ. लग्न होऊन आलें तेव्हांपासून ऐकतें मी. दत्ताजींनी खांद्यावर घेतलें, दत्ताजींनी मांडीवर निजवलें. दत्ताजी गेले तेव्हां हे लेंकरासारखे रडले. त्यांची आठवण यायची म्हणून तर हें सांगणें सुरू केलें. आतां जा, विचार. दत्ताजी कुठें होते?’

बाहेर येऊन शैलाने विचारलं. हसत हसतच विचारलं.

‘दत्ताजी?’ अण्णांनी झोपाळ्याला पायाने हलका झोका दिला. ‘त्याला गाण्याचें वेडच नव्हतें. तो कशाला येईल?’

त्यांच्या तोंडावर दुःखाची रेघ नव्हती. जेवून तृप्त झालेला माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. शैलाला भीती वाटली ती या तृप्तीची. हरवलंय हे ज्याला कळतं तो शोधायला तरी निघतो.

४

चुका शोधण्याच्या धंद्यात शैला एक गोष्ट पक्की शिकली होती. एकाने सांगितलं की स्क्रीन थरथरते, की दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला ती थरथरताना दिसते. यंत्राला काही झालेलं नसतं. बोलण्याची लागण होते, दुसरं काय? अण्णा म्हातारे झाले, पुष्करने त्यांच्याकडून उचललं, अण्णांनी पुष्करकडून. कनकाअक्का दमलेल्या. झालं. बसच्या खिडकीशी बसून तिने स्वतःला हे असं नीट समजावलं, जसं ती नव्या पोरांना समजावायची.

मग रोजच्या सवयीने डोळे मिटले.

नाट्यगृह आलं. लाकडी खुर्च्या आल्या, ढेकणांसकट. मनगटावरचा हात आला, राकट आणि उबदार. गाणं सुरू झालं, अप्पा लागले, पुढच्याने शुक् केलं. सगळं जागच्या जागी. आणि स्टेजवर, डाव्या अंगाला, ऑर्गनच्या मागे काहीतरी हिरवं होतं.

तिने डोळे उघडले. बाहेर तिरुवान्मियूरचा सिग्नल, समोर फुलं विकणारी बाई, बसमध्ये घामाचा वास. पडदा असेल, ती म्हणाली. तेव्हाचे पडदे हिरवेच असायचे.

दोन महिने ती अड्ड्यावर गेली नाही. रिलीजचं काम आहे असा निरोप पाठवला आणि ते खोटंही नव्हतं. ऑफिसातून निघता निघता मान मोडून यायची. बसमध्ये डोळे मिटायचं तिने बंद केलं, आणि तेव्हा तिला कळलं की आजवर आपला दिवस कशावर उभा होता. घरी पोचायची ती नुसती पाठीवर ओझं घेऊन. एकदा न राहवून पाहिलं. बाई बसलेलीच होती. हात मांडीवर. इतकी वर्षं जपलेल्या जागेत कुणीतरी परकं येऊन चपला काढून बसलं होतं, आणि ‘ऊठ’ म्हणायची सोय नव्हती. त्या संध्याकाळचं दुसरा साक्षीदार कुणी नाही. आईला विचारावं तर आई तिथे नव्हतीच.

एका सकाळी दात घासता घासता तिला उपाय सुचला, आणि तो चांगला वाटला. दमलेल्या माणसाला असेच उपाय चांगले वाटतात. न सांगितलेली गोष्ट मऊ राहते, म्हणून तिच्यात कुणीही शिरतं. चारचौघांत एकदा सांगून टाकावी, बाईशिवाय, जशी होती तशी. मग ती घट्ट होईल. एकदाच सांगायची. परत नाही.

५

‘कुणीं वन्समोअर म्हणायचें नाहीं,’ कनकाअक्कांनी आधीच बजावलं. त्या आज स्वयंपाकघरात न थांबता बाहेर येऊन बसल्या होत्या, शैलाच्या अगदी जवळ. ‘शप्पथ घ्या.’

‘नाही म्हणणार अक्का,’ पुष्कर म्हणाला. ‘पण ताईंनी रंगवलं तर तोंड दाबून बसावं लागेल.’

‘सेरी, सेरी. कबूल,’ अण्णा म्हणाले.

खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. भर दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर पडलं होतं. अशा उजेडात काय व्हायचं, असं वाटून शैलाला धीर आला.

तिने सांगितलं. नाटक बेतासबात होतं. नायक पदाआधी खाकरायचा. नायिकेचा आवाज वरच्या पट्टीत चिरकायचा, आणि तबलजीची नजर तबल्यापेक्षा विंगेत जास्त. अण्णा खूष होऊन हसले. मग तिने अप्पा सांगितले. माग, कान, गुणगुणणं, शुक् शुक्, ओशाळणं, परत लागणं. मनगटावरचा हात. ती सांगत गेली आणि सांगताना अप्पा ऐकू यायला लागले. बसमध्ये यायचे तसे पुसट नाही. कानाशी, तंबाखूच्या वासासकट, घशातल्या खरखरीसकट. कितीतरी वर्षांत तिने त्यांना इतकं जवळून ऐकलं नव्हतं. स्टेजच्या डाव्या अंगाला नुसता ऑर्गन होता. मागे कुणी नव्हतं.

तिचं सांगून झालं. पुष्करचे डोळे भरले होते. शपथेप्रमाणे कुणी काही बोललं नाही.

त्या शांततेत अप्पा थांबले. पुढच्याने शुक् केल्यावर थांबायचे तसे. आणि शैलाला माहीत होतं की दोन ओळी गेल्या की ते परत लागतात. फक्त गाणं पुढे चालायला हवं.

कुणीही वन्समोअर दिला नाही. तो शैलाच्याच आतून आला, इतका सहज की ती स्वतःच दचकली नाही.

‘आई माहेरी गेली होती,’ तिने पुन्हा सुरुवात केली. ‘म्हणून आम्ही दोघंच...’

‘शैला!’ कनकाअक्का म्हणाल्या.

पण ती पुढे गेली होती. नायक खाकरला. नायिकेने पट्टी धरली. कानाशी गुणगुणणं सुरू झालं, गोड, अगदी सुरात. पुढचं कुणी मागे वळलं नाही. शुक् म्हणायची कुणाला गरजच वाटली नाही. शैलाला ते खटकलं, आणि तिने सांगता सांगता खाली पाहिलं. मनगट धरलेल्या हातात बांगड्या होत्या.

६

ती बोलायची थांबली नाही. थांबता येत नव्हतं. शेजारी मात्र तिने पाहिलं नाही; सात वर्षांच्या मुलीला जेवढी अक्कल असते तेवढ्या अकलेने तिने ओळखलं की तिकडे बघायचं नाही. शेजारचं जे होतं त्याचं तोंड स्टेजकडे नव्हतं, तिच्याकडे होतं, एवढं तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळलं. म्हणून तिने समोर पाहिलं.

ऑर्गनच्या मागे अप्पा बसले होते.

सणाचा पांढरा सदरा घातलेला, हात मांडीवर ठेवलेले. त्यांना काही काम नव्हतं. नायिका त्यांच्यापुढून गात गेली, त्यांनी मान हलवली नाही. ते समोरच्या काळोखात बघत होते, खुर्च्यांवरून, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर. स्टेजवरच्या झगझगाटातून खालचं काही दिसत नाही. आणि कान तर त्यांचे अर्धे गेलेले. ते पोरीला शोधत होते, आणि त्यांना ती सापडत नव्हती.

पद संपलं. खोलीत पंखा फिरत होता. शैलाच्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीशी आलं होतं. अण्णा झोपाळ्यावर तृप्त बसले होते.

‘अप्पा स्टेजवर आहेत,’ ती म्हणाली.

कनकाअक्कांनी तिचं मनगट पकडलं. ‘आतां पुरे. ऐक माझें. दत्ताजीही तसेच बसले होते. हे सांगायचे मला, दत्ताजी ऑर्गनापाशीं बसलाय, मला शोधतोय. म्हणून ह्यांनी परत सांगितलें. परत परत सांगितलें. एके दिवशीं ती जागा मोकळी झाली, आणि ह्यांना त्याचें कांही वाटलें नाहीं. तूं इथेंच सोड. आठवूं नकोस. दुरून का होईना, बाप दिसतो तरी.’

शैलाला ते सगळं पटलं. आयुष्यभर तिने लोकांना हेच सांगितलं होतं, की बिघडलंय तिथे हात लावू नका, आहे तसं ठेवा. ती थकली होती, घरी जाऊन पडावं असं तिला मनापासून वाटत होतं. आज गप्प बसली, तर अप्पा तिथे राहतील. पांढऱ्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून, ती मरेपर्यंत काळोखात पोरीला शोधत. आणि बसमध्ये रोज तिला ठाऊक असेल की ते शोधताहेत.

असं बापाला कसं ठेवायचं?

हाक मारली तर ऐकू जाईल कदाचित. आजवर हाक मारली नव्हती, मारायची वेळच आली नव्हती, ते शेजारीच होते. आता मोठ्याने मारायला हवी, मागांच्या खटखटाटातून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

‘नको, मा,’ कनकाअक्का म्हणाल्या.

‘आई माहेरी गेली होती,’ शैलाने सुरुवात केली. तिचा आवाज चढत गेला. जिन्यावरून जाणारं कुणीतरी थबकलं. ‘नाटक सुरू झालं आणि मी उभी राहिले. खुर्चीवर उभी राहिले. अप्पा! मी इथे आहे! अप्पा, इकडे!’

कनकाअक्कांनी तिचं मनगट सोडलं आणि दोन्ही हात स्वतःच्या कानांवर ठेवले.

मनगटावरची पकड तशीच राहिली. मग ती हळूहळू आवळत गेली, आणि तिने शैलाला खुर्चीत खाली बसवलं.